हात मांडीवर ठेवायला शिकताना

सोमॅटिक सायकॉलॉजीच्या अभ्यासक्रमाचं पहिलं सत्र, तिसरा आठवडा होता. तिघातिघांचे गट करून सराव चालला होता: एक क्लायंट, एक थेरपिस्ट, एक नुसतं बघून टिपणं काढणारी. क्लायंट झालेली वर्गमैत्रीण बोलता बोलता म्हणाली, "इथे खांद्यात काहीतरी दाटून येतंय." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा उजवा हात तिच्या खांद्यावर होता. अंगठा नेमका ट्रॅपेझियसच्या, म्हणजे मानेपासून खांद्यापर्यंतच्या स्नायूच्या, गाठीवर. नऊ वर्षं फिजिओथेरपी केल्यावर अंगठा तिथे आपणहून जातो, मला विचारायला थांबत नाही.

बाई मागे उभ्या होत्या. "तिला विचारलंस?"

"गाठ आहे इथे. हाताला लागतेय."

"असेल. तिच्याकडे बघ."

बघितलं. वर्गमैत्रीण तोंडभर हसत होती आणि तिने श्वास रोखून धरला होता. मी हात काढला तेव्हा श्वास सुटला, तो आम्हा तिघींना ऐकू आला.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं सरावाला बसले की माझे हात मांडीवर. लोकांच्या पाठी, माना, गुडघे दाबून पोट भरलेली बाई शरीराचं मानसशास्त्र शिकायला गेली, आणि तिला पहिलं काय सांगितलं, तर हात लावू नकोस. यातला विनोद कळायला मला बराच वेळ लागला.

सोमॅटिक सायकॉलॉजी म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे मसाज का? की योगा? दोन्ही नाही. समोरासमोर खुर्च्या टाकून बोलण्याचीच ही थेरपी. फरक इतकाच की वडिलांचा विषय निघाल्यावर आवाज का बसला, 'मला काही वाटत नाही' म्हणताना डावी मूठ का वळली, हेही शब्दांइतकंच महत्त्वाचं धरतात. 'सोमा' हा ग्रीक शब्द, म्हणजे शरीर. अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस हॅना यांनी १९७६ साली 'सोमॅटिक्स' हे नाव वापरात आणलं ते एका भेदासाठी. बाहेरून दिसतं, मोजता येतं, टेबलावर निजवून तपासता येतं ते एक शरीर; आणि ज्याचं त्याला आतून जाणवतं ते दुसरं, तो सोमा. माझा सगळा धंदा पहिल्यातला. सांधा किती अंशात वळतो ते गोनिओमीटरने मोजायचं आणि फायलीत लिहायचं.

या वाटेला लागले त्यामागे एक पेशंट आहेत. खुब्याचा सांधा मोकळा करत होते आणि त्या टेबलावर एकाएकी रडायला लागल्या. दुखत नव्हतं, तसं त्याच म्हणाल्या. मी टिश्यूचा डबा पुढे केला आणि मोजणी चालू ठेवली. आठ, नऊ, दहा. ते आकडे माझ्या डोक्यातून गेले नाहीत. अर्जासोबतच्या निबंधात मात्र मी न्यूरोसायन्सबद्दल लिहिलं होतं.

या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं म्हटलं की दोन नावं आधी कानावर येतात. सॅन फ्रान्सिस्कोतली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रल स्टडीज, आणि कोलोराडोतल्या बोल्डरची, १९७४ साली सुरू झालेली नरोपा युनिव्हर्सिटी. मी शिकले ती संस्था तिसरीच, कॅलिफोर्नियातली. पदवीवर नाव असतं काउन्सेलिंग सायकॉलॉजीचं, कारण लायसन्स राज्य देतं आणि राज्याला तुमच्या श्वासाशी काही देणंघेणं नाही. तिथे मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट व्हायचं तर ६० सेमिस्टर युनिट्सची पदवी लागते. त्यात निदान, कायदा आणि नीतिनियम, मानसिक आजारांवरची औषधं, व्यसनं, मुलांवरच्या अत्याचाराची खबर कधी आणि कुणाला द्यायची, हे सगळं आलंच. म्हणजे सकाळी डीएसएम, हे मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक, उघडून निकषांची घोकंपट्टी, आणि दुपारी त्याच खोलीत खुर्च्या भिंतीला सारून, जमिनीवर आडवं पडून, पाठीचा कुठला भाग टेकतो आणि कुठला अधांतरी राहतो याचा तपास. पहिल्या वर्षी मला दुपारची लाज वाटायची. तिसऱ्या वर्षापर्यंत सकाळचा कंटाळा आला होता. पुढे जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणारा माणूस समोर बसला तेव्हा आधी कामाला आलं ते सकाळचंच.

एक गोष्ट कुणी आधी सांगायला हवी होती. पीटर लिव्हाइन यांचं सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग, पॅट ऑग्डेन यांची सेन्सरिमोटर सायकोथेरपी, रॉन कर्ट्झ यांचं हाकोमी, या पदव्या नव्हेत. ती वेगळी, टप्प्याटप्प्याने चालणारी प्रशिक्षणं आहेत. सोमॅटिक एक्सपिरियन्सिंगचं तीन वर्षं चालतं. त्याचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून सायकोथेरपिस्टची पाटी लावता येत नाही. आमच्या वर्गात एकजण तीन वर्षांचं प्रशिक्षण पुरं करून आला होता, आणि आता पदवीसाठी पुन्हा पहिलीच्या बाकावर बसला होता. त्याच्या पाण्याच्या बाटलीवर स्टिकर होतं: शरीर खोटं बोलत नाही. ते वाक्य मला तेव्हा फार आवडायचं.

इतिहासाच्या तासाला विल्हेल्म राइख आला आणि वर्ग जागा झाला. फ्रॉइडच्या वर्तुळातला हा माणूस. दाबलेली भावना स्नायूंत जाऊन बसते, त्याचं चिलखत होतं, आणि ते डोळ्यांपासून ओटीपोटापर्यंत सात पट्ट्यांत असतं, ही कल्पना त्याची. १९३४ साली त्याला आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेतून बाहेर काढलं. अमेरिकेत जाऊन तो वैश्विक ऊर्जा पेटीत साठवायला लागला, सरकारने खटला भरला, १९५६ साली त्याची पुस्तकं जाळली गेली आणि १९५७ साली तो तुरुंगात वारला. चिलखत आणि पेटी, दोन्ही एकाच माणसाची. पहिलं ठेवायचं आणि दुसऱ्यावर पांघरूण घालायचं, असा या क्षेत्राचा रिवाज आहे, आणि तो मला पटत नाही. त्याच काळात बर्लिनमध्ये एल्सा गिंडलर (१८८५–१९६१) लोकांना नुसतं उभं राहायला शिकवत होती. उभं राहा, आणि उभं राहताना काय काय घडतं ते बघा. तिची शिष्या शार्लोट सेल्व्हर यांनी १९३८ साली अमेरिकेत जाऊन तेच काम पुढे नेलं. आमच्या वाचनात राइखला तीन आठवडे होते, गिंडलरला अर्धा तास. आज आम्ही जे प्रत्यक्ष करतो त्यातलं निम्मं त्या अर्ध्या तासातलं आहे.

आता युजीन जेंडलिन. शिकागो विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्यासोबत काम करताना या तत्त्वज्ञाने थेरपीच्या टेप्स ऐकल्या आणि त्याला असं दिसलं की ज्यांना गुण येतो ते लोक बोलताना अडखळतात. "राग नाही… तसं नाही… काहीतरी वेगळं आहे…" असं चाचपडतात. ते ज्याला चाचपडतात त्याला त्याने 'फेल्ट सेन्स' म्हटलं. शब्द नेमका सापडला की अंग जरासं सैल होतं, ही त्याची खूण.

याचा सराव माझ्या चांगला लक्षात आहे. टाळत असलेली एखादी गोष्ट मनात आणायची होती. मी भावाला करायचा फोन घेतला, महिनाभर टाळलेला. शरीरात काय जाणवतं, असं जोडीदाराने विचारलं आणि माझं इंग्रजी आटलं. बाई म्हणाल्या, तुझ्या भाषेत सांग. मी म्हटलं, "पोटात गोळा येतो." अर्थ सांगितल्यावर सगळ्यांना तो फार आवडला. मग मला चेव आला. छातीत धस्स होतं, हातपाय गळतात, काळजाचं पाणी होतं, जीव टांगणीला लागतो आणि शेवटी भांड्यात पडतो. आमची भाषाच मुळात सोमॅटिक आहे, असं एक वाक्यही मी टाकलं. वर्ग खूश, मी त्याहून खूश.

बाईंनी मला बोलू दिलं. मग विचारलं, "आत्ता आहे का गोळा?"

मी आत बघितलं. पोटात काही नव्हतं. थोडी भूक होती. जे होतं ते जबड्यात, कानांच्या खाली, दोन्हीकडे, काहीतरी चावून धरल्यासारखं. यालाही मराठीत शब्द आहे: दातओठ खाणं. फक्त तो भीतीचा नाही, रागाचा. भावाला फोन करायला मी घाबरत नव्हतेच. महिनाभर मी स्वतःला तेच सांगत होते, आणि भाषेने तयार वाक्प्रचार पुढे केल्यामुळे ते खरंही वाटत होतं.

संशोधन पद्धतींचा विषय शिकवायला जे सर होते ते आमच्यातले नव्हते. प्रयोगशाळेतला माणूस, जमिनीवर आडवं पडायला साफ नकार. इंटरोसेप्शन, म्हणजे शरीराच्या आतलं जाणवण्याची क्षमता, मोजतात कशी, हे त्यांनी आमच्यावरच दाखवलं. शांड्री यांची १९८१ सालची चाचणी: नाडीला हात न लावता ठरावीक वेळात हृदयाचे ठोके मोजायचे आणि यंत्रातल्या आकड्याशी ताडून बघायचे. माझे मोजलेले ३४, यंत्राचे ३६. वर्गात मी पहिली. सरांनी विचारलं, "ठोके जाणवले?" खरं सांगायचं तर एकही जाणवला नव्हता. माझी नाडी साधारण किती चालते ते मला माहीत होतं आणि मी मनात सेकंद मोजत होते. सर म्हणाले, याच कारणासाठी या चाचणीवर टीका होते. त्या दिवशी घरी जाताना मी जरा खजील होते. खांद्यातली गाठ मला हाताला लागते म्हणून मला आतलं कळतं, असा माझा समज होता. तो सुटा सुटा होऊन गळायला लागला.

याच सरांनी स्टीफन पोर्जेस यांच्या पॉलीव्हेगल सिद्धांतावरचे आक्षेपही वाचायला लावले. १९९४ साली मांडलेला हा सिद्धांत सोमॅटिक वर्गांत पाढ्यासारखा म्हणून घेतात: सुरक्षित वाटतं तेव्हा एक अवस्था, धोका दिसला की लढा किंवा पळा, आणि काहीच चालेना झालं की गोठून जाणं. शरीरक्रियाशास्त्रातल्या काही जणांचं म्हणणं असं की त्यातला व्हेगस मज्जातंतूचा (हा मेंदूतून पोटापर्यंत जातो) आणि उत्क्रांतीचा भाग पुराव्याला टिकत नाही. वर्गात त्यावरून चांगलंच वाजलं. मी आजही क्लायंटला त्या तीन अवस्थांची शिडी कागदावर काढून दाखवते, कारण 'मी त्या वेळी ओरडले का नाही' या प्रश्नाने वर्षानुवर्षं स्वतःला खाणाऱ्या माणसाला ती बघून हायसं वाटतं. विज्ञानाने सिद्ध केलंय, असं मात्र म्हणत नाही.

मधल्या एका सुट्टीत मी बाहेरची एक शनिवार-रविवारची कार्यशाळा केली. जोरजोराने श्वास घेऊन भावना मोकळ्या करण्याची. विसेक मिनिटांत माझी बोटं वळायला लागली, अंगठा तळव्यात, मनगट आत, कोंबडीच्या पायासारखी. ओठांभोवती मुंग्या. शिकवणारा कानाशी वाकून म्हणाला, "जुनी ऊर्जा बाहेर पडतेय, थांबू नकोस." हे काय आहे ते मला तोंडपाठ होतं. अति श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होतं, मोकळं कॅल्शियम कमी पडतं आणि नसा कारण नसताना स्नायूंना आखडवतात. टेटनी म्हणतात त्याला, परीक्षेत लिहिलंय मी. तरी मी आणखी वीस मिनिटं श्वास ओढत राहिले. आजूबाजूला सगळे हमसून हमसून रडत होते, आणि आपणच कोरडे राहतोय असं वाटत होतं. त्यानंतर तीन रात्री झोप नाही. दाराचा आवाज झाला तरी दचकायचं. मी फोन केला तेव्हा त्या माणसाने हे 'प्रक्रियेचा भाग' असल्याचं सांगितलं आणि पुढच्या टप्प्याच्या तारखा कळवल्या.

लिव्हाइन यांचा 'टायट्रेशन' हा शब्द मला त्यानंतर खरा कळला. तो रसायनशास्त्रातला आहे: एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून मोजायचं. ब्युरेटची तोटी जरा जास्त फिरली की फ्लास्कमधलं द्रावण भसकन गुलाबी होतं आणि रीडिंग वाया जातं, हे ज्याने प्रॅक्टिकलला अनुभवलंय त्याला वेगळं समजावायला नको. आघाताची आठवण थेंबाने आणायची, थांबायचं, पाय जमिनीला टेकलेत ना बघायचं, मग दुसरा थेंब. बघणाऱ्याला हे कमालीचं कंटाळवाणं दिसतं. आमच्या सरावाच्या चित्रफितींत कित्येकदा सहा-सात मिनिटं काहीच घडत नाही. एक माणूस खिडकीकडे बघतो आणि जांभई देतो. ती जांभई आली की वर्गात सगळे खूश.

मग प्रॅक्टिकम. खरे क्लायंट, आरशामागे नाही तरी कॅमेऱ्यासमोर, आणि दर आठवड्याला सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टसमोर आपल्या कामाची तपासणी. माझ्या तिसऱ्याच क्लायंटबद्दल सांगते, ओळख पटेल ते सगळं बदलून. हा माणूस दर वेळी उजवा पाय खुर्चीखाली मागे ओढून बसायचा, अगदी पायाला पाय अडकवून. मी तीन सत्रं ते टिपलं. वर सांगतोय सगळं ठीक आहे आणि पाय पळ काढायच्या बेतात, हे मला लख्ख दिसत होतं. चौथ्या सत्रात मी आवाज मऊ करून म्हटलं, "तुमच्या उजव्या पायाला इथून जावंसं वाटतंय का?"

तो कानापर्यंत लाल झाला. पाय पुढे काढून दाखवला. बुटाचा तळ सुटला होता, पुढून जिभेसारखा लोंबत होता.

सुपरव्हायझरबाईंनी ती चित्रफीत बघितली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले, जरा उशिरा. मग त्यांनी फीत मागे नेली, माझ्या वाक्याच्या आधीच्या क्षणावर थांबवली आणि मला माझ्याकडे बघायला सांगितलं. मी पुढे झुकलेली होते. मान ताठ, भुवया किंचित वर. "इथे तुला किती खात्री होती?" शंभर टक्के. "ती खात्री शरीरात कुठे होती?" मला ती लगेच सापडली. छातीच्या मधोमध, गरम, उभारी आल्यासारखी. टेबलावरच्या बाई रडत असताना आठ-नऊ-दहा मोजतानाही ती तिथेच होती, आणि वर्गमैत्रिणीच्या खांद्यावर अंगठा टेकला तेव्हाही. सुपरव्हायझरबाई म्हणाल्या, ती उभारी आली की पाठ खुर्चीला टेकव. एवढंच. तेव्हापासून टेकवते. खुर्ची कुरकुरते म्हणून क्लायंटलाही आता ते कळत असणार.

त्या माणसाने पुढच्या वेळी नवे बूट घालून यावं असं मला वाटत होतं. तो तेच बूट, तळ चिकटवून, घालून आला, आणि पाय पुढे सोडून बसला. बूट का चिकटवावे लागतात, यावर मग आम्ही महिनाभर बोललो. माझ्या आधीच्या तीन सत्रांत जे निघालं नव्हतं ते यात निघालं.

पदवी मिळाली म्हणजे सुटलो असं नाही. कॅलिफोर्नियात लायसन्सच्या शेवटच्या परीक्षेला बसायच्या आधी देखरेखीखाली ३,००० तास काम आणि किमान १०४ आठवड्यांचं सुपरव्हिजन दाखवावं लागतं. त्यातले किमान १,७५० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे, आणि त्यातही ५०० जोडपी, कुटुंबं किंवा मुलांसोबतचे. पदवीआधीचे जास्तीत जास्त १,३०० धरतात. क्लायंट आला नाही की ती वेळ धरत नाहीत. त्यामुळे आम्ही सगळे असोसिएट, म्हणजे पदवी आहे पण लायसन्स अजून नाही असे, आठवड्याच्या शेवटी तासांचे तक्ते भरत बसतो आणि सह्या गोळा करत फिरतो. फिजिओथेरपीत एका दिवसात बारा पेशंट बघणारी मी, इथे अर्ध्या तासाचा हिशेब जुळेना म्हणून कपाळाला हात लावते. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. ते भोगायचं असतं.

हात मात्र शेवटी उचलला. थेरपीत स्पर्श सरसकट वर्ज्य नाही. पण काम करता त्या संस्थेचं धोरण, सुपरव्हायझरची संमती, क्लायंटची लेखी संमती, आणि मुख्य म्हणजे स्पर्शाचा या माणसाच्या आयुष्यात काय इतिहास आहे याची माहिती, हे सगळं हवं. एक क्लायंट, वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या, आठ महिन्यांनी म्हणाल्या, "मागून पाठीला कुणी नुसता हात टेकवला तर मला बहुतेक बोलता येईल." मी त्या दिवशी टेकवला नाही. सुपरव्हायझरबाईंशी बोलले. पुढची दोन सत्रं आम्ही फक्त त्या हाताबद्दल बोललो: कुठे, किती वेळ, कुठला हात, नको झालं तर खूण काय, आणि हात काढल्यावर काय वाटेल. कागदावर सही झाली.

तिसऱ्या सत्रात मी खुर्ची त्यांच्या मागे, जरा बाजूला घेतली. "आता टेकवते," म्हटलं, त्यांनी मान हलवली, आणि मी तळवा दोन खांदेफळांच्या मधे ठेवला. गाठ तिथेच होती, डाव्या बाजूला, हरभऱ्याएवढी. अंगठ्याला ती सापडली आणि अंगठा वळला. मी पाठ खुर्चीला टेकवली. अंगठा परत बोटांच्या रांगेत आला.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "थोडा खाली."

मी हात थोडा खाली घेतला.